रन
रन : इंग्रजीतील सर्वाधिक अर्थछटा असलेल्या शब्दांपैकी एक. प्राचीन इंग्रजीपासून वापरात असलेल्या या क्रियापदाचे मूळ अर्थ धावणे व वाहणे. पुढे यंत्र चालणे, दुकान चालवणे, निवडणूक लढवणे, नाक गळणे, धुताना कपड्याचा रंग जाणे असे अर्थ त्याला जोडले गेले. यंत्रयुगाने व नंतर संगणकाने त्यांत भर घातली. नाम म्हणून तो क्रिकेटमधील धाव दर्शवतो. चेंडू सीमापार गेल्यास फलंदाजाला न पळताही चार किंवा सहा ‘रन’ मिळतात. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सर्वांत मोठी होती. तिसऱ्या आवृत्तीसाठी संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले.