एक सूत्र, अनेक भाष्ये : वेबपान सगळीकडे सारखं का दिसत नव्हतं?



या मालेत आपण 'प्रमाण' या कल्पनेचा इतिहास बघतो आहोत. आज जरा अलीकडच्या काळात येऊ. एकच वेबपान दोन ब्राउझरांत दोन तऱ्हांनी दिसतं, हा आजचा विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं कुणी विचारेल. कारण सरळ आहे. लिहिलेला नियम आणि त्या नियमाचा लावलेला अर्थ यांच्यामध्ये नेहमीच एक फट असते. ती फट किती खरी असते, आणि तिची किंमत कोण मोजतो, हे या इतिहासात फार स्वच्छ दिसतं.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. त्यांची मूळ कल्पना अशी, की लेखकाने मजकुराची रचना सांगावी: हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा. तो मजकूर पडद्यावर कसा मांडायचा, हे ज्याच्या त्याच्या यंत्राने ठरवावं. म्हणजे सगळीकडे सारखं दिसावं ही अपेक्षाच मुळात नव्हती. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून मोझेक आला, १९९४ च्या अखेरीस नेटस्केप आला, १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर आला. आणि लोकांना वेबपान छापील मासिकासारखं हवंसं वाटू लागलं. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या पदरच्या खुणा भाषेत घातल्या. नेटस्केपने अक्षरं उघडझाप करणारी खूण आणली, मायक्रोसॉफ्टने सरकत जाणारी. मांडणीसाठी काही साधनच नव्हतं, म्हणून लोकांनी आकडेवारीसाठी असलेले तक्ते मांडणीला जुंपले. एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र ताणून मोकळी जागा तयार करायची, हा त्या काळचा सर्रास उपाय होता.

यावर तोडगा म्हणून नॉर्वेचे होकोन व्हीउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये शैलीपत्रकाची, म्हणजे सीएसएसची कल्पना मांडली. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. डिसेंबर १९९६ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सीएसएसची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. 'शिफारस' हा शब्द लक्षात ठेवा. या संस्थेच्या हातात ना पोलीस, ना न्यायालय.

सीएसएसमध्ये दोन नियमांचा संघर्ष झाला तर काय करायचं? दोन्ही नियम सारख्याच बळाचे असतील, तर नंतर आलेला नियम लागू. पाणिनीच्या अष्टाध्यायीत असाच एक परिभाषानियम आहे, आणि परंपरेने त्याचा अर्थ हाच घेतला आहे: तुल्यबळ नियमांत विरोध आला तर क्रमाने नंतरचा घ्यावा. दुसरी तरतूद अशी, की ब्राउझरला न कळणारी ओळ त्याने गुपचूप सोडून द्यावी, अडून बसू नये. या दोन साध्या तरतुदींवर पुढची पंचवीस वर्षं दुरुस्तीचं सगळं शास्त्र उभं राहिलं. आधी सगळ्यांना कळेल ती ओळ लिहायची, तिच्याखाली नवीन ओळ लिहायची. ज्याला नवीन कळते तो ती घेतो, ज्याला कळत नाही तो जुनीवर भागवतो.

आता खरं दुखणं कुठे होतं ते बघू. एका चौकटीची रुंदी ३०० ठिपके सांगितली. आत दोन्ही बाजूंना २० ठिपक्यांची मोकळी जागा, आणि ५-५ ठिपक्यांची किनार. तर ही ३०० रुंदी कशाची? प्रमाण म्हणत होतं, फक्त आतल्या मजकुराची. म्हणजे चौकट बाहेरून ३५० भरणार. इंटरनेट एक्स्प्लोरर ५ म्हणत होता, किनारीसकट सगळ्याची. म्हणजे बाहेरून ३००, आणि मजकुराला उरले २५०. आपल्याकडे फ्लॅट घेणाऱ्याला हा वाद समजावून सांगायला नको. एक जण कार्पेट एरिया बोलतोय, दुसरा बिल्ट-अप. आकडा एकच, शब्दही एकच, पण घर वेगळं! आणि दोन रकाने शेजारी शेजारी बसवलेत, तर एका ब्राउझरात ते नीट बसणार आणि दुसऱ्यात जागा न पुरल्यामुळे उजवा रकाना खाली कोसळणार.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मायक्रोसॉफ्टने सीएसएसची सुरुवात केली ती ऑगस्ट १९९६ मध्ये, म्हणजे शिफारस पक्की होण्याच्या चार महिने आधी. शिवाय त्यांचा अर्थ तर्कदुष्ट नव्हता. सुताराला कपाटाची रुंदी विचारा, तो बाहेरून माप घेऊनच सांगेल. नेटस्केप ४ ची अवस्था तर याहून बिकट. त्याने सीएसएस जावास्क्रिप्टच्या आधाराने राबवलं होतं. जावास्क्रिप्ट बंद केलं की शैलीही गायब.

ब्रह्मसूत्रं तीच, पण शंकर, रामानुज आणि मध्व यांची भाष्यं तीन दिशांना जातात. तिथे आपण म्हणतो, हे दर्शनांचं वैभव. ते खरंच आहे. पण ज्याला तिन्ही संप्रदायांच्या श्रोत्यांपुढे एकच पोथी वाचायची आहे, त्या बिचाऱ्याचं काय? वेबपान करणारा माणूस त्या जागी होता. काहींनी पानाच्या दोन आवृत्त्या केल्या. काहींनी खाली पाटी लावली: हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल. म्हणजे वाचकानेच संप्रदाय बदलावा.

मराठीला हा त्रास दुपटीने झाला. युनिकोड रुळण्याआधी आपल्या संकेतस्थळांचे फाँट वेगवेगळे, त्यांची अक्षरांची क्रमवारी वेगळी. पानाबरोबर फाँट पाठवायची नेटस्केपची पद्धत एक आणि मायक्रोसॉफ्टची दुसरी. ब्राउझर चुकला की बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. युनिकोड आल्यावरही विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम चालू करावी लागे. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसण्याऐवजी नंतर येऊन बसायची. तिथे रकाना नव्हे, भाषाच मोडत होती.

१९९८ मध्ये काही वेबकर्त्यांनी 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' ही चळवळ सुरू केली. त्यांचं म्हणणं एवढंच, की कंपन्यांनी प्रमाण पाळावं. पण एक पेच होता. ब्राउझर सुधारला, तर जुन्या ब्राउझरच्या चुका गृहीत धरून केलेली लाखो पानं मोडणार. यावर मार्च २००० मध्ये मॅकसाठीच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ ने एक उपाय रूढ केला. टान्टेक चेलिक हे त्यामागचे प्रमुख अभियंते. पानाच्या डोक्यावर 'डॉकटाइप' नावाची घोषणा नीट लिहिलेली असेल, तर प्रमाणाप्रमाणे मापं घ्यायची; नसेल, तर जुन्या चुकांसकट. बघा, चूक मिटवली नाही, तिला वेगळी खोली दिली! ती खोली आजही प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. डॉकटाइप विसरलात, तर आजचं पानही त्या जुन्या रीतींनी मांडलं जाईल. म्हणून आजही मांडणी बिघडली की पहिली ओळ आधी तपासावी.

याच चेलिक यांनी चौकटीच्या मापावर एक युक्तीही काढली होती. विंडोजवरच्या एक्स्प्लोरर ५ ला अवतरणचिन्हांची एक विशिष्ट रचना नीट वाचता येत नसे. तो मध्येच थांबायचा. मग काय, आधी त्याच्या समजुतीची रुंदी लिहायची, मग ती अडचणीची ओळ, आणि पुढे खरी रुंदी. तो अडायचा, बाकीचे पुढे जायचे. चुकीवर चुकीनेच उतारा.

दुसरी युक्ती तर वेदान्त्याला आवडावी अशी. पानाच्या रचनेत 'एचटीएमएल' हा घटक मूळ. त्याच्या वर कुणी नाही. पण एक्स्प्लोरर ६ त्याच्याही वर कुणीतरी आहे असं मानत असे. त्या 'कुणीतरी'च्या पोटातल्या एचटीएमएलला उद्देशून नियम लिहिला, की तो फक्त एक्स्प्लोररला लागू व्हायचा. न असलेल्या अधिष्ठानावर हजारो पानं उभी राहिली.

एक्स्प्लोरर ६ आला ऑगस्ट २००१ मध्ये, आणि सातवी आवृत्ती आली ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षं नव्या आवृत्तीविना गेली. नेटस्केप संपला होता, दहापैकी नऊहून अधिक लोक एक्स्प्लोररच वापरत होते. स्पर्धा संपली आणि दुरुस्तीही थांबली. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला, एप्रिल २००५ मध्ये 'ॲसिड २' ही चाचणी आली. ब्राउझर नियमांप्रमाणे चालत असेल तर पडद्यावर हसरा चेहरा उमटतो, नाहीतर त्याचा चेंदामेंदा. सामान्य माणसालाही कळेल अशी कसोटी मिळाली, तेव्हा कंपन्या हलल्या.

आणि त्या चौकटीच्या मापाचं काय झालं? पुढे सीएसएसमध्येच 'बॉक्स-सायझिंग' ही सोय आली. कार्पेट की बिल्ट-अप, हे लेखकानेच सांगायचं. आज बहुतेक वेबकर्ते शैलीपत्रकाच्या सुरुवातीलाच बिल्ट-अप निवडून मोकळे होतात. म्हणजे ज्या अर्थाला पाखंड म्हटलं, तोच व्यवहारात जिंकला. प्रमाण शुद्ध होतं, पण हाताला सोयीचं नव्हतं. म्हणून प्रमाणभंग करणारा प्रत्येक जण मूर्ख असतो असं समजू नये. कधी कधी तो प्रमाणाची उणीव दाखवत असतो.

त्यानंतर एचटीएमएल ५ ने आणखी एक शहाणपण केलं. शुद्ध पान कसं वाचायचं एवढंच न सांगता, अशुद्ध पान कसं वाचायचं हेही सविस्तर लिहून ठेवलं. चूक होणारच, पण ती सगळ्यांनी एकाच तऱ्हेने सांभाळावी. २०१७ च्या मार्चमध्ये ग्रिड ही मांडणीची पद्धत क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी यांत जवळजवळ एकाच वेळी आली. १९९७ साली हे कुणाला खरं वाटलं नसतं.

आता शेवटचा मुद्दा. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टचा एज जानेवारी २०२० पासून गूगलच्या क्रोमियमवर चालतो, आणि जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त झाला. पानं आता कमी मोडतात. काही जण म्हणतात, सगळ्यांनी एकच इंजिन घ्यावं, म्हणजे कटकटच मिटेल. मिटेल खरी. पण एकच भाष्यकार उरला, की भाष्य आणि सूत्र यांत फरक करायचा कसा? तो जे करील तेच प्रमाण, आणि त्याची चूक ही चूक आहे हे दाखवायला दुसरा कुणी नाही. २००१ ते २००६ या काळात आपण ते एकदा बघितलं आहे.

म्हणून पान तयार झालं की ते किमान दोन वेगळ्या इंजिनांत उघडून बघावं, असं जाणकार सांगतात. त्यात पान सुधारतंच. शिवाय दुसरं इंजिन जिवंत ठेवायला आपलाही हातभार लागतो. हे माझं मत आहे. तुमचं वेगळं असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर मांडा.