रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा वेतनत्याग : ख्रिस्ती समाधान आणि संतपरंपरा

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे (१२७०-१३५०) जन्मस्थान मानले जाते. नामदेवांविषयी वारकरी संप्रदायात परिसाची कथा प्रसिद्ध आहे. परिसा भागवताच्या पत्नीने घरातील परीस नामदेवांची पत्नी राजाई हिला दिला आणि नामदेवांनी तो चंद्रभागेत टाकला. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी ज्याला विठ्ठल लाभला त्याला सोन्याची गरज उरत नाही, हा तिचा आशय स्पष्ट आहे. मात्र राजाईच्या नावावरील अभंगांत घरच्या दारिद्र्याची तक्रारही येते आणि संप्रदायाने ती गाळून टाकलेली नाही. भक्ताचे समाधान व त्याच्या संसाराची ओढाताण येथे शेजारी शेजारी नांदतात. विसाव्या शतकात हाच प्रश्न मराठी ख्रिस्ती जीवनात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या रूपाने पुन्हा उभा राहिला.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणातील करजगाव येथे झाला. रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या नव्या करारातील गिरिप्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत टिळकांनी अध्यापन केले, तसेच 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादनही केले.

त्या काळात 'पोटासाठी धर्म सोडला' हा आरोप ख्रिस्ती झालेल्यांवर सर्रास होत असे. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनांनी मदतकार्य केले, तेव्हा या आरोपाला अधिकच धार आली. आरोप सरसकट खरा नव्हता. टिळकांच्या बाबतीत तर तो उलटाच होता. परंतु देशी उपदेशक हा मिशनचा पगारी सेवक आणि निर्णयाचा अधिकार परदेशी मिशनऱ्यांकडे, ही व्यवस्था त्याला खतपाणी घालणारी होती, हे नाकारता येत नाही. १९१७ मध्ये टिळकांनी वेतनाची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांचा दाखला देणारी येशूची शिकवण त्यांनी संतांच्या डोळ्यांनी वाचली होती. म्हणून त्यांच्या या त्यागाकडे केवळ मिशनशी झालेला मतभेद म्हणून पाहणे अपुरे ठरते. ज्याच्यावर विसंबून राहायचे तो आधारच त्यांनी बदलला.

या समाधानाची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'कडे वळावे लागते. हातातला पैसा गरजूला देऊन मोकळे होणारे टिळक आणि उद्याच्या स्वयंपाकाचा विचार करणारी त्यांची पत्नी, असे चित्र तेथे वारंवार दिसते. चरित्रकारांच्या आदरयुक्त कथनात ही बाजू सहसा फिकी पडते. राजाईच्या अभंगांत तक्रार आहे. लक्ष्मीबाईंकडे त्याच अनुभवावर विनोदाची साय आली आहे. तथापि त्या विनोदामुळे टंचाई खोटी ठरत नाही. विशेष उल्लेखनीय बाब अशी की, लक्ष्मीबाई केवळ पतीमागोमाग ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळेओवळे सोडण्यापासून आरंभ झालेला त्यांचा प्रवास स्वतंत्र होता. त्यामुळे त्यांचे समाधान हे पतीच्या निर्णयापुढे मान तुकवणे होते, असे म्हणता येणार नाही.

'देवाचा दरबार' स्थापन होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तोच ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पुढे आर्थिक ओढाताण आली आणि त्यांना कराचीला जावे लागले. टिळकांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' महाकाव्य १९३६ मधील आपल्या मृत्यूपूर्वी त्यांनीच पूर्ण केले.