क्रीडागुरूचा संसार

नाशिकहून वणीच्या गडाकडे जाणारी वाट आमच्या दिंडोरीवरून जाते. सुरतेची दुसरी लूट घेऊन परत येतांना शिवाजी महाराजांनीं १६७० च्या ऑक्टोबरांत दाऊदखानाच्या मोगली फौजेशीं जी लढाई दिली, ती याच मुलुखांत. शाळेंत तो धडा आला कीं आमच्या वर्गाच्या माना ताठ होत. मला मात्र एक खोडकर शंका नेहमीं येई: त्या रात्रीं एवढ्या माणसांना भाकरी कोणीं घातली? इतिहासाचे गुरुजी हंसत आणि पुढच्या सनावळीकडे वळत. पुढें माझें लग्न एका महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकाशीं झालें, आणि त्या शंकेनें आयुष्यभर माझी पाठ सोडली नाहीं. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो त्याच जातीचा आहे. खेळाडू घडविणाऱ्या पुरुषाची कीर्ति सर्वांस ठाऊक असते. त्याच्या घरांत काय चाललेलें असतें, हा माझा प्रश्न आहे.

अशा शिक्षकाला इंग्रजींत ‘कोच’ म्हणतात. आपल्याकडे कोच म्हटलें कीं दिवाणखान्यांतील मऊ बैठक डोळ्यांपुढें येते, किंवा जुन्या माणसांना कोचमन आठवतो. हा कोचमनच खऱ्या अर्थाच्या अधिक जवळचा. हंगेरींतील कोच नांवाच्या गांवीं बनणाऱ्या घोडागाडीवरून हा शब्द युरोपभर पसरला. पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील विद्यापीठांत, विद्यार्थ्याला परीक्षेच्या पैलतीराला नेऊन पोंचविणाऱ्या खासगी शिकवणीवाल्याला मुलें थट्टेनें ‘कोच’ म्हणूं लागलीं. तेथून तो शब्द मैदानावर आला. गाडी हांकणाऱ्याच्या घरीं गाडी कितीला परत येणार, हें कधींच नक्की नसतें. तो गुण मात्र शब्दानें शेवटपर्यंत सोडला नाहीं.

या धंद्याला पहिल्यानें प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेंत. तेथें महाविद्यालयांचा ‘फुटबॉल’ म्हणजे आपला पायानें खेळावयाचा फुटबॉल नव्हे. तो अंडाकृति चेंडू छातीशीं कवटाळून, प्रतिपक्षाच्या अंगावर अंग टाकून पुढें नेण्याचा खेळ आहे. आपली कबड्डी आणि कुस्ती एकत्र करून त्यांत एक चेंडू टाकावा, म्हणजे त्याची थोडीशी कल्पना येईल. या खेळाचा आद्य गुरु म्हणून ज्याचें नांव घेतात तो अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग. जन्म १८६२ चा. येल विद्यापीठांत तो धर्मोपदेशक होण्यासाठीं गेला. परंतु आपल्याला व्याख्यान देतां येत नाहीं हें ध्यानांत आल्यावर त्यानें व्यासपीठाचा नाद सोडून मैदान धरलें. १८९२ सालीं शिकागोचें नवें विद्यापीठ उघडलें, तेव्हां अध्यक्ष हार्पर यांनीं त्याला सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा आणि वर्षाला अडीच हजार डॉलर देऊं केले. खेळ शिकविणाऱ्याला संस्कृत किंवा गणित शिकविणाऱ्याच्या रांगेंत कायमची खुर्ची मिळणें, ही त्या काळीं नवलाची गोष्ट होती. (आमच्याकडे ती अजूनहि थोडी नवलाचीच आहे. शिक्षकांच्या सभेंत आमच्या ‘ह्यांची’ खुर्ची दाराजवळ असे, हें मी विसरलें नाहीं.)

१८९४ च्या सप्टेंबरांत स्टॅगनें स्टेला रॉबर्टसन या तरुणीशीं लग्न केलें. सप्टेंबर हा फुटबॉलच्या हंगामाचा आरंभ. लग्नाला चार महिने पुरे होण्यापूर्वींच शिकागोचा संघ आगगाडीनें हजारों मैलांचा प्रवास करून कॅलिफोर्नियास गेला, आणि ऐन नाताळच्या दिवशीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें स्टॅनफर्डशीं सामना खेळला. ख्रिस्ती घरांत नाताळ म्हणजे आपल्या घरची दिवाळी. नव्या संसारांतील पहिली दिवाळी सामन्याच्या वेळापत्रकावर ठरली! मला हें वाचतांना हंसूं आलें, कारण माझी पहिली दिवाळीहि तशीच गेली होती. सामने कोपरगांवास होते, आणि फराळाचा डबा मीं एस्.टी.च्या वाहकाच्या हातीं पाठविला होता.

शिकागोंत स्टॅगचा दरारा मोठा. तंबाखू नाहीं, मद्य नाहीं, शिवीगाळ नाहीं. फार संतापला म्हणजे तो खेळाडूला ‘गाढव’ म्हणे. त्याहून संतापला तर ‘दुहेरी गाढव’. त्याच्या संघानें विभागीय अजिंक्यपद सात वेळां मिळविलें. १९०५ च्या नोव्हेंबरांत मिशिगनच्या संघावर मिळविलेला दोन विरुद्ध शून्य हा विजय तर अमेरिकेंत दंतकथेसारखा सांगतात, कारण त्यापूर्वीं मिशिगनचा संघ सलग छप्पन्न सामने अपराजित होता.

पण १९०५ हें साल त्या खेळाच्या इतिहासांत दुसऱ्याच कारणासाठीं काळें आहे. त्या एका हंगामांत सुमारें दीड डझन तरुण या खेळापायीं प्राणास मुकले. प्रकरण राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टपर्यंत गेलें, कांहीं महाविद्यालयांनीं खेळ बंद केला, आणि १९०६ मध्यें नियम बदलून चेंडू पुढें फेंकण्याची मोकळीक देण्यांत आली, जेणेंकरून सारा जमाव एकाच ठिकाणीं आदळूं नये. इतिहासकार येथें नियमांची चर्चा करतात, आणि ती योग्यच आहे. मला त्या वर्षीं शिकागोच्या त्या घराची आठवण होते. थोरला मुलगा सहा वर्षांचा. नवरा रोज दुपारीं दुसऱ्यांचीं मुलें घेऊन मैदानावर जातो, आणि वर्तमानपत्रांत रोज कोठल्या तरी गांवच्या कोणाच्या तरी मुलाची बातमी येते.

ही आठवण मला कां होते, तें सांगतें. आमच्या तालुक्यांत द्राक्षाचे बाग. ऑक्टोबर उजाडला कीं छाटणी, आणि छाटणीला घरांतील प्रत्येक हात लागतो. विद्यापीठाचे आंतरमहाविद्यालयीन सामनेहि नेमके त्याच सुमारास! त्यामुळें संघ निवडतांना ह्यांना मुलाच्या चपळाईपेक्षां त्याच्या बापाच्या बागेची जास्त चिंता. एका वर्षीं कबड्डीच्या सरावांत एका मुलाचें मनगट मोडलें. हे त्याला घेऊन नाशिकला दवाखान्यांत गेले, आणि मुलाची आई निरोप मिळतांच खेड्यावरून आमच्या दारांत येऊन उभी राहिली. मीं पाणी दिलें. तिनें तांब्या तसाच खालीं ठेवला. म्हणाली, “बाई, खेळ तुमच्या सरांचा व्हता, हात माह्या पोराचा मोडला. आता बाग कोन छाटील?” मला उत्तर सुचलें नाहीं. खेळानें शरीर सुदृढ होतें, शिस्त लागते, हीं वाक्यें मला पाठ होतीं; परंतु त्या बाईपुढें तीं तोंडांतून फुटेनात. ती रात्रभर आमच्या ओटीवर बसली, आणि मीहि बसलें. दुसऱ्या दिवशीं ह्यांनीं संघांतील चार मुलें घेतलीं आणि त्यांच्या बागेंत छाटणीला गेले. सामना आम्ही हरलों. महाविद्यालयाच्या अहवालांत ‘पहिल्या फेरींत पराभव’ एवढीच ओळ आहे.

आपल्या परंपरेंत हा प्रश्न एका युक्तीनें टाळलेला आहे. तालमींतला वस्ताद शक्यतों मारुतीरायाचा भक्त आणि ब्रह्मचारी असावा, असा संकेत. हौदांतल्या लाल मातींत ताक, तेल, हळद, लिंबू पडतें. बाईचें पाऊल पूर्वीं पडत नसे. वस्तादाला संसारच नसला म्हणजे संसाराचे हाल होण्याचा प्रश्न उरत नाहीं! पण संसारी वस्तादहि पुष्कळ होऊन गेले, आणि त्यांच्या पठ्ठ्यांचा खुराक कोणाच्या तरी चुलीवरच शिजला.

महाविद्यालयें आलीं, तशी ही गुरुपत्नी निराळ्या रूपानें पुन्हां दिसूं लागली. पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर हें त्यांतलें ठळक घर. सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत ते संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाचें नेतृत्व करीत. १९२६ मध्यें इंग्लंडहून आलेल्या एम्.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनीं १४८ धांवा काढल्या. १९३९-४० आणि १९४०-४१ असें लागोपाठ दोन वर्षें त्यांच्या संघानें रणजी करंडक जिंकला. वयाची पन्नाशी उलटल्यावर नवानगरविरुद्ध एकाच सामन्यांत दोन शतकें केलीं. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या मुलींनीं बॅडमिंटनमध्यें देशभर नांव काढलें. ज्या काळीं मुलीनें मैदानावर धांवणें लोकांच्या भुंवया उंचावी, त्या काळीं एका घरांतून तीन मुली खेळायला बाहेर पडतात, तेव्हां घराच्या आंत कोणी तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना उत्तरें देत असले पाहिजे. क्रिकेटच्या पुस्तकांत धांवांचा तक्ता असतो. त्या उत्तरांचा नसतो.

प्राध्यापकाच्या पत्नीनें स्वतःच लेखणी उचलली तर काय दिसतें, तें आनंदीबाई कर्वे यांनीं ‘माझें पुराण’ मध्यें दाखविलें आहे. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवीत. त्यांचें आणि विधवा गोदूबाईंचें लग्न १८९३ मध्यें झालें, आणि तीन वर्षांनीं आश्रम निघाला. नवऱ्याचें व्रत मोठें, जगाला वंद्य. पण त्या व्रतापायीं घरांत पैका राहीना, तेव्हां बाईंनीं जें सोसलें आणि जें बोलून दाखविलें, तें त्या पुस्तकांत आडपडदा न ठेवतां आलें आहे. तें खेळाचें घर नव्हे हें मला मान्य आहे. परंतु ज्याचा नवरा दुसऱ्यांच्या मुलांना वाहिलेला आहे, त्या प्रत्येक घराचें हें पुराण आहे, असें मला वाटतें.

आतां पुन्हां अमेरिकेकडे जाऊं. या धंद्यांत कीर्ति जितकी वाढते तितका प्रवास वाढतो. नोत्र दाम महाविद्यालयाचा विख्यात शिक्षक नूट रॉकनी यानें तेरा हंगामांत १०५ सामने जिंकले आणि अवघे बारा गमावले. ३१ मार्च १९३१ रोजीं लॉस एंजेलिसला जात असतां कॅन्सासमध्यें त्याचें विमान कोसळलें. पत्नी बॉनी आणि चार मुलें मागें राहिलीं. सारा देश हळहळला. त्या आंकड्यांत मात्र ती चार मुलें येत नाहींत.

स्टॅगच्या घरावर निराळा प्रसंग आला. १९३२ मध्यें तो सत्तर वर्षांचा झाला, आणि विद्यापीठाच्या नियमाप्रमाणें त्याला मैदान सोडावें लागलें. मानाची दुसरी जागा मिळत होती. ती त्यानें नाकारली. चाळीस वर्षांचें शिकागो सोडून नवराबायको कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टनला, पॅसिफिक नांवाच्या लहानशा महाविद्यालयांत गेलीं. या वयांत नवें गांव, नवें घर, नवे शेजारी. बिऱ्हाड बदलण्याचें काम कोणाकडे असतें, हें ज्या भगिनी माझें बोलणें ऐकत असतील त्यांना मीं सांगावयास नको.

आणि येथेंच स्टेलाबाईंचें नांव इतिहासांत जरा स्पष्ट दिसूं लागतें. लहान महाविद्यालयाजवळ मदतनिसांसाठीं पैसा कोठला? प्रतिपक्षाचे सामने आधीं जाऊन पाहणें, कोणता गडी कोठून कसा धांवतो हें टिपून घेणें, प्रत्येक चालीचा नकाशा कागदावर उतरविणें, हीं कामें बाई करीत. सामन्याच्या दिवशीं त्या हातांत पेन्सिल घेऊन बसत आणि डाव मांडत जात. साठीपुढच्या एका गृहिणीनें काढलेल्या त्या बाणांच्या आणि वर्तुळांच्या कागदांवरून तरुण मुलांना दुसऱ्या दिवशीं धडे मिळत. १९४३ मध्यें, एक्क्याऐंशीव्या वर्षीं, स्टॅगला देशांतील त्या वर्षाचा सर्वश्रेष्ठ शिक्षक म्हणून गौरविलें गेलें. गौरव एकट्याचा झाला. अशा पारितोषिकाला दुसरें नांव जोडण्याची चाल नव्हती.

ज्या मैदानाला शिकागोनें स्टॅगचें नांव दिलें होतें, त्याची गोष्टहि विलक्षण आहे. १९३९ च्या अखेरीस विद्यापीठानें फुटबॉलच बंद केला, आणि २ डिसेंबर १९४२ रोजीं त्या ओस पडलेल्या प्रेक्षकसज्ज्याखालीं शास्त्रज्ञांनीं जगांतील पहिली नियंत्रित अणुशृंखला पेटविली. आरोळ्यांनीं दुमदुमणारी ती जागा असल्या कामी येईल, हें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसेल.

पॅसिफिकनेंहि १९४६ नंतर निरोप दिला, तेव्हां स्टॅग चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. थोरला मुलगा पेन्सिल्वानियांत सस्क्वेहाना येथें हाच धंदा करीत होता. धाकटाहि त्याच वाटेनें गेला होता. म्हातारा मुलाच्या हाताखालीं, किंवा बरोबरीनें म्हणा, सहा हंगाम राबला. १९५२ नंतर मात्र स्टेलाबाईंची प्रकृति बिघडली आणि देश ओलांडून जाणें त्यांना झेपेना. तेव्हां साठ वर्षांत प्रथमच गाडी त्यांच्यासाठीं थांबली. स्टॅग स्टॉक्टनलाच राहिला आणि घराजवळच्या एका लहान महाविद्यालयांत, चेंडूला लाथ कशी मारावी एवढेंच शिकवीत राहिला. सायंकाळीं घरीं परत येतां येईल इतक्या अंतरावर. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षापर्यंत हा क्रम चालला.

स्टेलाबाई १९६४ मध्यें वारल्या. लग्न जवळजवळ सत्तर वर्षें टिकलें होतें. पुढच्या मार्च महिन्यांत, वयाच्या एकशें दोनाव्या वर्षीं, स्टॅगहि गेला.

आमच्या ओटीवर रात्र काढणारी ती बाई पुढल्या चैत्रांत गडाच्या यात्रेला जातांना मुद्दाम घरीं आली. मुलाचा हात बरा झाला होता. पदराच्या गांठींतून तिनें द्राक्षांचा एक घड काढून माझ्या हातांत ठेवला, तांब्याभर पाणी प्यायली, आणि उंबऱ्यांतून मागें वळून विचारलें, “औंदा सामनं कवा हायेत? छाटणीच्या आदी असतील तं धाडते त्याला.”