एका सरळ किरणाचा इतिहास



कन्या तारकासमूहात एम ८७ नावाची एक प्रचंड दीर्घिका आहे. १९१८ साली कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांनी तिच्या केंद्रातून निघालेला एक विलक्षण सरळ किरण नोंदविला. त्याचा अर्थ लावण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात बोल्टन, स्टॅन्ली व स्ली यांनी एका प्रखर रेडिओ-स्रोताचे नाते याच दीर्घिकेशी जोडले. १९५६ मध्ये बाडे यांना किरणाचा प्रकाश ध्रुवीभूत असल्याचे आढळले. तेव्हा हे तेज तापलेल्या वायूचे नसून चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे आहे, असे मानणे भाग पडले. या झोताच्या मुळाशी सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेले त्याचे छायाचित्र आपण पाहिलेच असेल.

लोकप्रिय वर्णने बहुधा येथे थांबतात. मला मात्र खरी उत्कंठा झोताविषयीच वाटते. रेडिओलहरी देणारे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा हजारो वर्षे पुरवून खर्च करतात; क्ष-किरण देणारे उधळे, काही वर्षांत, फार तर दशकांत रिते होणारे. आणि झोताची दृश्य लांबी सुमारे ५,००० प्रकाशवर्षे! केवळ रेडिओ-नकाशा पाहणाऱ्याने सारी ऊर्जा केंद्रातच मिळाली असे खुशाल मानावे. परंतु १९७८ साली सोडलेल्या आइनस्टाइन उपग्रहाने झोतात दूरवर क्ष-किरण दाखविले आणि ती सोय संपली. केंद्रातून निघालेला इलेक्ट्रॉन तेथवर पोहोचण्याआधीच निस्तेज झाला असता. त्याला वाटेत पुन्हा बळ मिळत असले पाहिजे.

ते कोठे? १९९९ मध्ये सुब्रह्मण्यन् चंद्रशेखरांच्या नावाने चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण अवकाशात गेली. तिची चित्रे रेडिओ-नकाशांशी ताडून पाहता तेजाच्या गाठी जुळल्या. तरी काही गाठींत क्ष-किरणांचे शिखर केंद्राच्या बाजूला किंचित अलीकडे निघाले. जेथे बळ मिळते तेथेच उधळे इलेक्ट्रॉन चमकून संपतात, काटकसरी पुढे वाहत जातात, असा त्याचा सरळ अर्थ लागतो.

याच काळात केंद्राजवळची एचएसटी-१ ही गाठ भडकली. २००० ते २००५ या अवधीत तिचे क्ष-किरण ५० पटींहून अधिक वाढले. चंद्राला ती एक ठिपकाच दिसत होती. रेडिओ-वेधांत मात्र तिचे तुकडे वेगळे झाले आणि त्यांतील काही प्रकाशाच्या चौपट वेगाने सरकताना भासले. भासले इतकेच, कारण झोत बराचसा आपल्याच रोखाने येतो. गाठीला हे बळ आघात-तरंगांनी दिले की चुंबकीय बलरेषांच्या तुटण्याजुळण्याने, हा वाद अद्याप मिटलेला नाही.