तळटीप : जिल्हा न्यायालयातील वाढीव न्यायाधीश
ज्या १८६९ साली अहमदनगर व खानदेश यांतील तालुके एकत्र करून नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच साली मुंबई इलाख्याच्या दिवाणी न्यायालयांचा कायदा मंजूर झाला. त्याच्या कलम १२ अन्वये, जिल्हा न्यायाधीशाच्या जोडीस तितक्याच अखत्यारीचा संयुक्त न्यायाधीश सरकारास नेमता येई, मात्र दिवाणी काम त्याने जिल्हा न्यायाधीशाने सोपविले तेवढेच चालवावे, असा दंडक होता. ही तरतूद दूरदर्शी होती, यात संशय नाही. पुढे विधी आयोगाने १९८७ साली दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत अशी शिफारस केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली त्यासाठी पाच वर्षांची मुदत घातली; ती मुदत केव्हाच उलटली तरी न्यायाधीश अपुरेच राहिले, आणि याच नाशिक जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याच्या पक्षकारावर त्यामुळे होणारा अन्याय अक्षम्य आहे.
— संपादक