खानदेशच्या पेढ्या आणि पुढची शिल्लक

घरगुती जमाखर्चाच्या संगणकीय प्रणाल्या आज बँकखात्यातील पुढील महिन्यांची शिल्लक आगाऊ मांडून दाखवतात. परंतु येण्यादेण्याच्या मुदती जुळवून रोकडीचा अदमास घेण्याची रीत धुळे-जळगावच्या व्यापारी पेढ्यांना संगणकापूर्वीच परिचित होती. कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, आणि खतावणी, म्हणजे तेच व्यवहार खातेदारांच्या नावांखाली उतरवलेली वही, या दोहोंत झालेले व्यवहार असत. होणाऱ्या व्यवहाराची खूण हुंडीत, म्हणजे रक्कम देण्याच्या लेखी आदेशात असे. दर्शनी हुंडी दाखवताच सकारावी, म्हणजे तिची रक्कम चुकती करावी लागे. मुदती हुंडी मात्र ठरलेले दिवस भरल्यावरच देय होई, आणि म्हणून अशा हुंड्यांच्या नोंदीवरून कोणत्या तिथीला किती रोकड येईल व किती जाईल हे मुनिमाला काढता येई. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना बाध आणला नाही.

1818 मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. पुढे 1860 च्या दशकात लोहमार्ग आला आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा येथील कापसाला अपूर्व भाव मिळाला. मात्र युद्ध संपताच भाव कोसळला आणि तेजीच्या भरवशावर केलेले अंदाज फसले, कारण हुंडीची मुदत ठरलेली असली तरी ती भागवणारा पैसा ज्या मालातून यायचा त्याचा भाव ठरलेला नव्हता.

याची खरी झळ शेतकऱ्याला बसे. त्याचे उत्पन्न वर्षातून एकदा, कापूस विकल्यावर येई. बियाणे, सारा आणि घरखर्च मात्र त्याची वाट पाहत नसत, त्यामुळे पुढच्या पिकाचा पैसा आधीच सावकाराच्या वहीत त्याच्या नावे पडलेला असे, आणि ती वही त्याला वाचताही येत नसे. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कुळाला पावती आणि हिशेबाचा वार्षिक उतारा मागण्याचा हक्क दिला; पण आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चारच जिल्ह्यांना मिळाला, खानदेशला नाही. हे वगळणे अन्यायाचे होते.

दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालण्याची प्रथा टिकली असली, तरी 1989 पासून प्राप्तिकरासाठी 31 मार्चला संपणारे वर्ष सर्वांना लागू झाले आणि पेढीवर हळूहळू संगणक आला. आजच्या लेखा-प्रणालीत पुढील तारखेचा धनादेश नोंदवला, तर ती तारीख येईपर्यंत तो चालू शिलकेत धरला जात नाही. मुदती हुंडीच्या हिशेबाचेही तत्त्व हेच होते. दरमहा ठरलेला पगार आणि ठरलेला हप्ता असणाऱ्या कुटुंबाला असा अंदाज नेमका मिळतो. कापूस पिकवणाऱ्याच्या जमेची मात्र तारीखही पक्की नसते आणि रक्कमही, म्हणून त्याने शिलकेचा एकच आकडा न धरता हलक्या भावाचा आणि बऱ्या भावाचा असे दोन अंदाज मांडावेत आणि कर्जाचा हप्ता हलक्या भावावर बेतावा.