स्वस्त विजेचे तास: चोळा वीजकेंद्रापासून टीओडी मीटरपर्यंत

विजेची किंमत दिवसभर सारखी नसते. मागणी कमी असते तेव्हा मोजकी, स्वस्त केंद्रे चालवून भागते. मागणी चढली की महागडे संच सुरू करावे लागतात किंवा बाजारातून चढ्या भावाने वीज विकत घ्यावी लागते. घरगुती ग्राहकाच्या लाईट बिलात मात्र हा फरक कित्येक दशके दिसत नव्हता. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, डोंबिवली या पट्ट्यात विजेच्या वेळेचे गणित जवळजवळ शंभर वर्षे मांडले जात आहे. आधी ते रेल्वेने मांडले, मग कारखान्यांनी. घरांपर्यंत ते पोहोचले 2025 मध्ये.

या भागात वीज मोठ्या प्रमाणावर आली ती रेल्वेसाठी. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेवरची पहिली गाडी धावली. पुढे कल्याण ते पुणे हा घाटमार्ग विजेवर आणताना जीआयपी रेल्वेने 1929 मध्ये ठाकुर्लीजवळ चोळा येथे स्वतःचे कोळशावरचे वीजकेंद्र उभारले. उपनगरी रेल्वेची मागणी सकाळ-संध्याकाळ उसळते आणि मधल्या वेळी, विशेषतः रात्री, ओसरते. कोळशाचा बॉयलर मात्र तासाभरासाठी विझवून पुन्हा पेटवता येत नाही. चार तासांच्या गर्दीसाठी उभारलेली यंत्रे उरलेला दिवस अर्धीमुर्धी चालणार, ही विजेच्या धंद्यातली जुनी अडचण आहे. जगभर वेळेनुसार दर आले ते तिच्यातूनच. फ्रान्सने 1965 मध्ये घरांसाठी रात्रीचा स्वस्त दर आणला. ब्रिटनने 1978 मध्ये रात्रीच्या सात तासांचा ‘इकॉनॉमी सेव्हन’ दर सुरू केला. तिथे थंडीत घरे तापवावी लागतात. रात्री विटांमध्ये उष्णता साठवून ती दिवसा वापरणारे हीटर घरोघरी होते, म्हणून ती योजना रुजली. कल्याणच्या चाळीतल्या पंख्याला आणि दिव्याला असे काही साठवता येत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर या पट्ट्याचा चेहरामोहरा बदलला. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली आणि 1949 मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. कल्याणहून कर्जतकडे जाताना पहिले स्टेशन विठ्ठलवाडी, त्यानंतरचे उल्हासनगर. रुळांच्या दोन्ही अंगांना घरे, छोटे कारखाने आणि दुकाने दाटत गेली. अंबरनाथ आणि डोंबिवलीला औद्योगिक वसाहती आल्या. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले. मंडळाची सारी कसरत संध्याकाळच्या मागणीपाशी येऊन थांबत असे.

त्या कसरतीत कोयना जलविद्युत प्रकल्पाचा वाटा मोठा होता. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतो आणि तितक्याच चटकन बंद करता येतो. शिवाय कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा लवादाने ठरवून दिलेले असल्याने ते जपून, गरजेच्या तासांनाच वापरणे भाग होते. कोळशाची केंद्रे अखंड चालवायची आणि संध्याकाळी कोयनेची जोड द्यायची, अशी ही रीत होती. तरीही वीज अपुरी पडे. म्हणून कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी वाटून दिली गेली: पिंपरी-चिंचवडला गुरुवार, डोंबिवली-अंबरनाथकडे शुक्रवार. मुंबईत नोकरी करणाऱ्या वडिलांना रविवार आणि एमआयडीसीत जाणाऱ्या काकांना शुक्रवार, अशी एकाच घरात दोन सुट्ट्यांची विभागणी या भागाने पाहिली. मागणी पुढेमागे ढकलण्याचा हा महाराष्ट्रातला पहिला मोठा प्रयोग म्हणायला हरकत नाही. त्याची किंमत कामगारांच्या कुटुंबांनी मोजली. बिलात त्यांना एक पैसाही सूट मिळाली नाही.

शेतकऱ्यांची स्थिती याहून कठीण होती. रात्री वीज शिल्लक राहते म्हणून कृषिपंपांना आलटून-पालटून दिवसा आठ तास आणि रात्री दहा तास थ्री फेज पुरवठा देण्याची पद्धत पडली. स्वस्त तासांचा भार असा अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत बांधावर उभ्या असलेल्या माणसावर टाकला गेला. वेळेच्या दरांची चर्चा करताना हा भाग विसरता कामा नये.

पैशांच्या रूपातला फरक प्रथम उद्योगांना मिळाला. 1999 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि 2000 नंतरच्या दर आदेशांतून उच्चदाब ग्राहकांसाठी दिवसाच्या वेळेनुसार दर रुळले. पुढे बरीच वर्षे हे कोष्टक असे होते: रात्री 10 ते सकाळी 6 प्रति युनिट दीड रुपया सवलत, सकाळी 9 ते 12 ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी 6 ते 10 एक रुपया दहा पैसे जादा. भट्टी किंवा मोठा कंप्रेसर असलेल्या कारखान्यांनी रात्रपाळ्या वाढवल्या.

त्याच काळात घरांच्या वाट्याला लोडशेडिंग आले. 2005 पासूनची काही वर्षे ते तीव्र होते. ज्या वीजवाहिनीवर (फिडरवर) गळती आणि थकबाकी जास्त, तिथे लाईट जास्त वेळ जायची. गृहिणींनी मिक्सर, इस्त्री आणि पाण्याची मोटर यांचे वेळापत्रक लाईटच्या वेळापत्रकाला बांधले. वापराची वेळ बदलणे घरांना जमते, हे त्या वर्षांनी दाखवून दिले. तेव्हा ती सक्ती होती.

रात्रीची शिल्लक वीज साठवण्याचे मोठे काम ठाणे जिल्ह्याच्या सीमेवरच झाले. घाटघर उदंचन प्रकल्पाचे वरचे धरण अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर आणि खालचे शहापूर तालुक्यात चोंढे येथे आहे. मागणी कमी असताना पाणी चारशे मीटरांहून अधिक उंचीवर चढवायचे आणि मागणीच्या वेळी तेच खाली सोडून वीज घ्यायची. 2008 मध्ये तिथले 125 मेगावॅटचे दोन संच कार्यान्वित झाले. अशा केंद्रात साधारण चार युनिट खर्चून तीन परत मिळतात. तरीही ते परवडते, यावरून संध्याकाळच्या विजेचे मोल कळते.

घरांना वेळेनुसार दराचा हिशेब लागू न होण्याचे कारण मीटरमध्येच होते. जुन्या मीटरमधली अॅल्युमिनियमची चकती वापराच्या वेगाने फिरे. कडेवरची रंगीत खूण समोरून सरकली की फेरा पूर्ण झाला. एका युनिटला किती फेरे, ते मीटरवर छापलेले असे. फेरा दुपारी पडला की रात्री, याची नोंद कुठेच राहत नसे. नंतरच्या साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्येही बिलापुरता एकच आकडा येई. 14 जून 2023 रोजी केंद्र सरकारने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि शेती वगळता इतर ग्राहकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत वेळेनुसार दर लावण्याचे ठरले. सूर्यप्रकाशाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी असावा, असेही त्यात म्हटले होते.

इथे जुने गणित उलटे झाले. सौर प्रकल्प वाढल्याने दुपारची वीज मुबलक झाली. 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीचा भारही दिवसाकडे सरकू लागला. त्यामुळे 1 जुलै 2025 पासून राज्याची वीज वितरण कंपनी महावितरणच्या, टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वापराची वेळही नोंदवणारे) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत मिळाली ती सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत. ती प्रति युनिट 80 पैशांपासून सुरू होऊन पाच वर्षांत एक रुपयापर्यंत जाणार, असे जाहीर झाले. स्मार्ट प्रीपेड मीटरला 2024 मध्ये झालेल्या तीव्र विरोधानंतर हे मीटर पोस्टपेड पद्धतीने आणि टीओडी या नावाने बसवले गेले.

विठ्ठलवाडीसारख्या नोकरदारांच्या वस्तीत ही वेळ अडचणीची आहे. सकाळी सातच्या लोकलने गेलेले माणूस संध्याकाळी सातनंतर परतते. त्याचा गिझर नवाच्या आत आणि पंखा, टीव्ही, एसी पाचनंतर चालतात. महिना 250 युनिट वापरणाऱ्या घराचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे 80 युनिट, सवलतीच्या तासांत पडला तर 64 रुपये वाचतात. फ्रिज दिवसभर चालू असतोच, त्यामुळे यातला काही भाग काहीही न बदलता मिळतो. वॉशिंग मशीन टायमरने दुपारी लावले आणि महिन्याचे 10 युनिट सरकवले, तर आणखी 8 रुपये. मोठा फायदा गृहनिर्माण संस्थेच्या पाण्याच्या पंपाचा होऊ शकतो, कारण टाकी भरण्याची वेळ घरातल्या माणसांवर अवलंबून नसते. त्यासाठी सामाईक मीटरला ही सवलत लागू आहे का, ते आधी पाहावे लागते.

घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांनंतरचा दर आधीच्या दुपटीच्या घरात जातो. म्हणून एक युनिट दुपारी सरकवल्याने 80 पैसे वाचतात, तर तेच युनिट वापरले नाही तर त्याच्या कितीतरी पट. ज्या घरात दिवसा वडीलधारी माणसे, लहान मुले किंवा शिलाईचे काम असते, त्यांना टीओडीचा लाभ आपोआप होतो. बाकीच्यांनी आधी जुना पंखा आणि जुना फ्रिज बदलावा आणि घड्याळाचा विचार नंतर करावा.